थोरल्या घरचा तांदूळ

वडील गेल्यावर घरातल्या कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली. आली म्हणण्यापेक्षा मी ती ओढून घेतली. भाऊ शेतात, भावजय शेतात आणि गोठ्यात, आई थकलेली. मी ओतूरच्या एका शाळेच्या कार्यालयात उभा जन्म दाखले आणि हजेरीपत्रकं लावण्यात घालवलेली बाई. लग्न होऊन ओतूरला आले, तरी येडगावचं माहेर येऊन-जाऊन करण्याइतकं जवळ आहे. शिवाय मला याद्या करायला आवडतात. वडिलांच्या मागे काय काय राहिलं याची मी यादी केली: विहीर, मोटारीचं वीजबिल, सोसायटीचं खातं, विमा, गाईंच्या कानांतले बिल्ले. सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘डोंगरावरचा वाटा’.

त्या एका ओळीमुळे हे सगळं लिहायची वेळ आली आहे.

आमचं घर मूळचं येडगावचं नाही. आजोबा घोडेगावच्या पलीकडून, पश्चिमेच्या डोंगरातून, इथल्या धरणाच्या कामावर माती उचलायला आले. काम संपलं, बाकीचे परत गेले, आजोबा राहिले. कालव्याच्या कडेला खोप घातली. आजी गुडघ्याच्या वर लुगडं नेसायची आणि नाचणीची भाकरी करायची. गावातले लोक आम्हाला ‘वरचे’ म्हणत. मी शाळेत गेले तेव्हा मास्तरसुद्धा म्हणाले होते, “ही वरच्यांची ना?” वडिलांना ते फार लागायचं. आमच्या डब्यात नाचणी द्यायची नाही, असा त्यांनी आईला दम भरला होता. पुढे त्यांनी जमीन घेतली, विहीर पाडली. भावाने त्यावर कांदा केला, मग टोमॅटो केले, मग स्लॅबचं घर बांधलं. आता गावात आम्हाला कोणी वरचे म्हणत नाही. टोमॅटो तोडायला पश्चिमेकडून जी माणसं येतात त्यांना आम्ही ‘वरची’ म्हणतो. “वरची आली का गं? मग चहा टाक, त्या वेगळ्या कपांत.” हे वाक्य मी स्वतः आमच्या ओट्यावर बसून बोलले आहे.

आजोबांचा धाकटा भाऊ डोंगरातच राहिला. त्याचा नातू म्हणजे आमचा दादा. वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण आम्ही थोरलं घर म्हणून तो आम्हाला ‘तुमी’ म्हणायचा आणि आम्ही त्याला ‘तू’ म्हणायचो. दरवर्षी भात झोडून, गिरणीतून काढून झालं की दादा आमच्याकडे तांदूळ घेऊन यायचा. घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा एसट्या बदलत, खांद्यावर गोणी टाकून. तांदूळ तांबूस, जाडा, चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्यासारखा धुराचा वास असलेला. ओट्यावर गोणी उतरवायची, पाणी प्यायच्या आधी आईकडे बघून विचारायचं, “कधी शिजवताय?”

आम्हाला वाटायचं, त्याला भूक लागली आहे. भावजय लगबगीने पोहे टाकायची. आत येऊन मला म्हणायची, “ताई, पावण्यांना दम न्हाई बघा. आल्या आल्या भात!” आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसायचो.

जाताना आम्ही त्याला कांदे द्यायचो, टोमॅटो द्यायचो, आणि एका पिशवीत भावाचे जुने शर्ट. तो सगळं घ्यायचा. पुढच्या दोन-चार दिवसांत त्याचा फोन यायचा. त्यांच्या वस्तीवर रेंज नाही, म्हणून तो टेकाडावर चढून बोलायचा. वाऱ्याच्या आवाजातून एकच प्रश्न, “शिजवला का?” भावजय सांगायची, “व्हय, व्हय, लई गोड व्हता.” खरं म्हणजे तो कुकरमध्ये धड शिजायचा नाही. आम्ही विकतचा इंद्रायणी खायचो. दादाची गोणी मजुरांच्या जेवणाला काढायची, उरला तर कोंबड्यांना. वडील तर त्याला हातही लावायचे नाहीत. साखर आहे म्हणायचे.

आमच्या लेखी तो आमच्या जमिनीचा वाटा होता. डोंगरावर आमची खाचरं आहेत, दादा ती कसतो, त्याबदली गोणीभर तांदूळ देतो. हे आम्हाला कोणी सांगितलं होतं असं नाही. आम्ही ते धरूनच चाललो होतो, आणि वडिलांनी कधी ते खोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, “ताई, वरच्या धरणाच्या काठाला लोक टेंट लावायलेत. पुण्याची पोरं येत्यात शनवार-रविवारी. माझ्या एका दोस्ताचा तिथं धंदा हाय. त्याला जागा पायजे, पाण्याकडं तोंड असलेली. आपला वाटा नुसता पडलाय.”

“पडलाय कुठे? दादा पिकवतो की.”

“पिकवतो, आन् आपल्याला देतो काय? कोंबड्यांचं खाणं.”

मी हसले. तेही मला आठवतं आहे. मग कामाला लागले. सातबारा काढला. त्यावर दोन्ही आजोबांच्या वारसांची नावं सामाईक होती. वडिलांच्या जागी आमची वारसनोंद मीच करून घेतली होती, बाकीच्या नोंदींबरोबर, एका फेरीत. कागद स्वच्छ होता. मी एका कागदावर दादाला विचारायचे प्रश्न लिहून घेतले: कोणती खाचरं कोणाची, बांध कुठे, अर्धी-अर्धी करायची तर कशी. भांडण नको, गोडीत उरकायचं, असंही खाली लिहिलं होतं.

मे महिन्यात आम्ही बहीणभाऊ गाडी घेऊन वर गेलो. लहानपणी आजोबांबरोबर गेले होते, त्यानंतर मी गेलेच नव्हते. दादाच्या अंगणात हिरडे वाळत घातले होते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, सुपात काहीतरी पाखडत होती. आम्हाला पाहून ती उठली.

“या, या! थोरलं घर आलं! रस्ता घावला म्हणायचा.”

“वहिनी, रस्ता लई झ्याक झालाय आता,” भाऊ म्हणाला.

“व्हय. टेंटवाल्यांसाठी झालाय. आमच्या म्हातारीला डोलीत घालून दवाखान्यात न्येली, तवा नव्हता.”

दादा आतून आला. आम्हाला सतरंजी टाकली, पाणी दिलं. वहिनीने भाकरी, कैरीचं कालवण आणि भात वाढला. तो भात त्या पितळेच्या पातेल्यात मऊ, मोकळा शिजला होता. भावाने दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवण झाल्यावर मी पर्समधून कागद काढला.

“दादा, आपली खाचरं कुठली ते दाखव ना.”

“चला की,” तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, तो मागच्या उतारावर नेईल. तिथे पायऱ्यांसारखी खाचरं होती, रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली. पण दादा त्यांच्या बांधावरून सरळ पुढे गेला, टेकाडाच्या टोकापर्यंत. खाली धरणाचं पाणी आटून मागे सरकलं होतं. ओल्या चिखलातून दगडी बांधांच्या रेघा वर आल्या होत्या. मध्ये एका झाडाचा काळा बुंधा.

“ती बघा,” दादाने बोट केलं. “त्या आडव्या बांधापासनं त्या आंब्याच्या बुंध्यापतूर. समदं थोरल्याचं. लई पिकायचं म्हणत्यात. माझा आजा सांगायचा, थोरल्याच्या खाचरात पाय घातला तर गुडघ्यापतूर गाळ.”

मी मागे वळून वरची खाचरं दाखवली. “आणि ही?”

“ही आमची.”

तो हे मोठ्या आवाजात म्हणाला नाही, आणि अडखळलाही नाही. आपलं घर कुठलं, असं कोणी विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं.

भाऊ म्हणाला, “पण दादा, उताऱ्यावर दोघांची नावं हायेत.”

“असत्यालच की. कुणी खोडली?”

मग तिथेच बांधावर बसून त्याने सांगितलं. दोन्ही आजोबांनी वाटणी केली तेव्हा गावच्या देवापुढे शपथेचा बेलभंडारा उचलला होता. खालचं थोरल्याला, वरचं धाकट्याला. कागद कोणी केला नाही. बेलभंडारा उचलल्यावर कागद कशाला? पुढे खालच्या खोऱ्यात पाणी येणार असं ठरलं. साहेब लोक मोबदल्याचे कागद घेऊन आले. त्या कागदांवरही दोन्ही घरांची नावं होती. आजोबा तेव्हा नव्हते. आमचे वडील वर आले होते.

“सायेब म्हणला, अर्धे तुला, अर्धे ह्याला. माझा आजा म्हणला, न्हाई, खालचं समदं थोरल्याचं हाय. पैसं त्याच्याच पोराला द्या. आन् अंगठा दिला.”

वडिलांनी ते सगळे पैसे घेतले. त्यातून विहीर झाली, जमीन झाली. ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. विहीर आणि जमीन कोणत्या उन्हाळ्यात झाली हे मला माहीत होतं. खालच्या जमिनीला आम्ही तोंडचा शब्द घेतला होता. वरच्या जमिनीला आम्ही कागद दाखवायला आलो होतो.

भावाच्या अजून डोक्यात शिरत नव्हतं. “मग तू तांदूळ कशाचा देतोस, दादा? वाट्याचाच ना?”

वहिनी मागून येऊन उभी होती. ती खळखळून हसली. “वाट्याचा? अवो भाऊ, वाटा ग्येला पाण्यात. ह्यो मानाचा!”

आणि मग तिनेच सांगितलं. नवा तांदूळ निघाला की पहिला थोरल्या घरी शिजायचा. तो शिजल्याचं कळेपर्यंत धाकट्या घरात नवं खायचं नाही. आजोबा खाली येडगावला गेले म्हणून रीत मोडली नाही. आधी धाकटे आजोबा चालत यायचे, मग दादाचे वडील, मग दादा. म्हणून तो ओट्यावर पाणी प्यायच्या आधी विचारायचा. म्हणून तो टेकाडावर चढून फोन करायचा.

“त्या साली तुमची घरभरणी व्हती न्हवं?” वहिनी म्हणाली. “तुमी ह्यांना फोनवर म्हणला, आत्ता नगं, आमच्यात गडबड हाय, मागनं या. मग कांद्याची लावण निघाली तुमची. संक्रांत झाली तरी ह्यांचं आपलं, थांब, थांब. कणगी भरलेली, आन् आमी रेशनचा तांदूळ निवडतोय! पोरं म्हणायची, आये, थोरलं घर उपाशी हाय का काय?”

“गप ए,” दादा म्हणाला.

“का वं? खोटं हाय का? ताई हसत्यात बघा.”

मी खरंच हसत होते. माझ्या तोंडावर ते हसू आलेलं होतं आणि मला ते काढता येत नव्हतं. तो फोन मीच घेतला होता. घरभरणीच्या कामांची यादी माझ्या हातात होती, आणि दादाचं येणं मी त्यात पुढे ढकललं होतं. तांदूळ काय, नासतो थोडाच, असा विचार केल्याचंही मला आठवतं. तो चुलीवर चढलाच नाही अशीही वर्षं होती, आणि तरी आम्ही फोनवर गोड होता म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून इथे यांनी देवाला हात जोडून नवा भात वाढला असणार.

आम्ही अंगणात परत आलो. मी प्रश्नांचा कागद पर्समध्ये घातला. दादा हिरड्यांशेजारी उकिडवा बसला आणि वर न बघता म्हणाला, “त्यो टेंटवाला मागच्या महिन्यात येऊन गेला. म्हणला, येडगावचं पावणं जागा देत्याल. मोजून बिजून गेला.”

त्यांना माहीत होतं. आम्ही कशासाठी येतोय हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि त्यांनी आम्हाला भात वाढला होता.

“आता तुमी आलायसा तर इचारून घेतो,” दादा म्हणाला. “पाऊस येईल. रोपाला भात पेरावं लागंल. पेरायचं का न्हाई, तेवढं सांगा.”

असं विचारणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं काही पिकत नाही. नाचणी थोडी, हिरडा, आणि हे भात. बी त्याचं होतं, आणि ते टाकायची परवानगी तो माझ्याकडे मागत होता, माझ्या नावाचा उतारा होता म्हणून. मी भावाकडे पाहिलं. तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत होता.

“पेर,” मी म्हणाले. “पेर, दादा.”

“बरं,” तो म्हणाला.

येताना मंचर ओलांडलं. मग भाऊ म्हणाला, “कायद्यानं आपलं हाय, ताई.”

“आहे.”

“आपण काय चोरी केली न्हाई.”

“नाही.”

“मग तू अशी का बसलीस?”

मी त्याच्याहून चांगली होते असं मुळीच नाही. टेंटचं भाडं आलं तर भाच्याच्या कॉलेजला होईल, हे गणित माझंच होतं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, “तुला माहीत होतं?”

आई लसूण सोलत होती. “काय?”

“डोंगरावर आपलं काही नाही ते.”

“व्हय की. तुमच्या बापालाबी ठावं व्हतं. त्यांनी तो तांदूळ कधी तोंडात घातलेला बघितला का?”

“त्यांना साखर होती म्हणून...”

“साखर लई मागनं झाली,” आई म्हणाली. “त्यांच्या घशाखाली उतरायचा न्हाई.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं? विहीर कशातनं पाडली ते? धाकट्या घरानं हात आखडता घेतला असता तर आपण अजून कालव्याच्या कडंला असतो. ते तुमच्या बापाच्या तोंडातनं निघायचं न्हाई. वरनं माणूस आलं की ते शेतात निघून जायचं.”

तेही खरं होतं. दादा आला की वडील नेहमी मोटारीकडे जायचे. आम्ही म्हणायचो, त्यांना पाहुण्यांचा कंटाळा आहे.

भाऊ आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. “दोस्ताला न्हाई म्हणून सांगितलं. घोडेगावला सही करायला कधी जायचं ते बघ. आईलाबी न्यावं लागंल ना?” मी वकील गाठला, हक्कसोडपत्र करून घेतलं. असली कामं मला जमतात. पहिल्या पावसाच्या आधी आम्ही सगळे घोडेगावच्या कचेरीत होतो. आईने अंगठा दिला, आम्ही सह्या केल्या. दादा धुतलेला शर्ट घालून आला होता. भावाचाच होता तो, आमच्या पिशवीतला.

सगळं उरकल्यावर कचेरीच्या आवारात मी दादाला बाजूला घेतलं. मनात ठरवलेलं बोलले. म्हणाले, “दादा, आता तुम्ही आमच्यासाठी थांबत जाऊ नका. नवा भात आधी तुम्ही खा. एवढ्या लांब गोणी घेऊन येऊ नका. आमच्याकडून त्याचा नीट मान राहिला नाही.”

मला वाटलं होतं, तो म्हणेल, असू द्या. त्याला बरं वाटेल, असंही वाटलं होतं. त्याचा चेहरा ताठ झाला. त्याला रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“का? कागद झाला म्हणून?”

“तसं नाही...”

“मग कसं? जमीन सोडली, बरं झालं, माझ्या पोरांचं भलं झालं. पर ह्यो मान काय तुमाला दिलाय व्हय? थोरल्या घराला हाय त्यो. तुमचा आजा असता, तुमचा बाप असता, तरी न्हाई म्हणू शकला नसता. तुमी कोण न्हाई म्हणणार?”

मी हातातली कागदांची पिशवी उगाच नीट केली.

“आन् एकदम तुमी-बिमी म्हणू नका मला,” तो जरा शांत होत म्हणाला. “परक्यासारखं वाटतंय.”

भावाने त्याला गाडीतून सोडतो म्हटलं. तो नको म्हणाला, खत घ्यायचं होतं. आईच्या पाया पडला आणि बाजाराकडे चालू लागला. मला सगळं मिटवून टाकायचं होतं, आणि त्याने मला ते करू दिलं नाही. चूक केली, कागद केला, यादीतली ओळ खोडली, एवढ्यावर मी सुटणार होते. त्याने मला थोरल्या घरातच बसवून ठेवलं.

पाऊस लागल्यावर महिन्याभराने वहिनीचा फोन आला. टेकाडावर आली असावी, वारा आणि पाऊस दोन्ही ऐकू येत होते.

“ताई, लावणी झाली बघा. रोप चांगलं व्हतं यंदा.”

“बरं झालं, वहिनी.”

“आन् धरणाचं पाणी चढलं. म्हणून म्हणलं, तुमाला कळवावं. तुमची खाचरं बुडाली परवा. आंब्याचा बुंधाबी दिसंना. आता पुढच्या उन्हाळ्यात वर येत्याल.”

ती हे अगदी सहज सांगत होती, मालकाला जमिनीची खबर द्यावी तसं. त्यांच्या घरात ती खाचरं अजून आमची होती. दर पावसाळ्यात ती बुडाली की बहुधा कोणीतरी असंच म्हणत असणार, थोरल्याची खाचरं गेली. आम्हाला आजवर कळवलं नव्हतं ते एवढ्यासाठीच, की आम्ही कधी विचारलं नव्हतं.

“बरं,” मी म्हणाले. तिने फोन ठेवला, आणि मी शाळेच्या कार्यालयात, समोर दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं उभी असताना, मान खाली घालून बसून राहिले.